भोजपूरचे खडक आणि शाळेतील कार्यशाळा

भोपाळपासून सुमारे २८ किलोमीटरांवर, बेतवा नदीच्या काठी, भोजपूरचे शिवालय आहे. परमारवंशीय राजा भोज याच्या काळी, म्हणजे अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात, ते उभारावयास घेतले आणि अपुरेच राहिले. गर्भगृहातील लिंग सुमारे ७.५ फूट उंच आहे व त्याचा घेर १८ फुटांच्या आसपास आहे. भोवतीचे चार खांब ४० फुटांच्या घरात जातात. यात्रेकरू दर्शन घेतो, मान वर करून खांब न्याहाळतो आणि परततो. इतिहासाच्या जिज्ञासूने मात्र दर्शन झाल्यावर देवळाकडे क्षणभर पाठ करावी आणि भोवतालच्या खडकांकडे वळावे. त्या सपाट खडकांवर छिन्नीने रेखाटलेले आराखडे आहेत. कोठे मंडपाचा तळ, कोठे खांबाचे अंगप्रत्यंग, कोठे शिखराची उभी आकृती. देवळाच्या मागच्या बाजूस जड दगड वर चढविण्यासाठी रचलेला उतरता बंधाराही तसाच राहिला आहे. काम पुरे झाले असते तर तो बंधारा काढून टाकला गेला असता आणि खडकांवरच्या रेषांना कोणी विचारलेही नसते. काम अपुरे राहिले म्हणून कामाची रीत शिल्लक राहिली.

हे आराखडे कोणासाठी होते? राजासाठी खचितच नव्हेत. राजाला पट किंवा लहान प्रतिकृती दाखविता आली असती. ते पाथरवटांसाठी होते. मुख्य स्थपतीने एकदा रेषा ओढली की शेकडो हातांना तिचा आधार घेता येत असे. दगडांवर पाथरवटांच्या खुणाही मोठ्या संख्येने कोरलेल्या आढळतात. कोणत्या हाताने कोणता दगड घडविला याचा तो हिशेब असावा, असे मानण्यास जागा आहे. ज्या पोऱ्याने दिवसभर छिन्नीला धार लावून दिली, तोही संध्याकाळी त्या खडकावर उभा राहून खांबाचे माप पाहत असेल. म्हणून त्या खडकांना कार्यस्थळीची शाळा म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटत नाही.

याच भोजाच्या नावावर ‘समराङ्गणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्राचा मोठा ग्रंथ आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो टी. गणपतिशास्त्री यांनी १९२४–२५ साली संपादून प्रसिद्ध केला. ग्रंथातील शास्त्र आणि खडकांवरील रेषा यांचा मेळ घालून पाहणारे अ‍ॅडम हार्डी यांचे पुस्तक २०१५ साली निघाले. ग्रंथात स्थपतीच्या अंगी चार गोष्टी हव्यात असे म्हटले आहे : शास्त्र, कर्म, प्रज्ञा आणि शील. नुसते शास्त्र जाणणारा प्रत्यक्ष कामाची वेळ आली की भांबावतो, आणि नुसते कर्म जाणणारा आंधळ्यासारखा दुसऱ्याचा हात धरून चालतो, असा त्या विवेचनाचा आशय आहे. स्थपतीला रेखाटन यावे, लाकूडकाम यावे, वीटबांधणी यावी, दगड आणि धातू यांचे काम यावे, अशीही अपेक्षा आहे. आजच्या शाळेच्या भाषेत बोलावयाचे तर आराखडा, पदार्थ आणि रचना हे तिन्ही विषय एकाच विद्यार्थ्याने शिकावयाचे आहेत, आणि तेही हाताने.

परंतु या ग्रंथाची दुसरीही एक बाजू आहे आणि ती आपण डोळ्यांआड करता कामा नये. यंत्रविधानाच्या अध्यायात आपोआप हालणाऱ्या बाहुल्या, जलयंत्रे, लाकडी पक्षी यांची वर्णने येतात. मात्र यंत्रांची जुळणी कशी करावी ते मुद्दामच सांगितले नाही, आणि हे न सांगणे अज्ञानामुळे नसून गुप्ततेसाठी आहे, असा खुलासाही ग्रंथकार करतो. आम्हां वकिलांना असा खुलासा चांगलाच परिचयाचा आहे. एकीकडे उघड्या खडकावर सर्वांसाठी काढलेली रेषा आणि दुसरीकडे पोथीत राखून ठेवलेली किल्ली, या दोन्ही वृत्ती एकाच राजाच्या छायेत नांदत होत्या. पुढील शतकांत पोथी शास्त्र्यांकडे राहिली, छिन्नी पाथरवटाकडे राहिली, आणि मधली वाट मोडत गेली.

ती वाट पुन्हा घालण्याचे प्रयत्न इंग्रजी अमदानीत सुरू झाले, आणि मराठी माणसाला त्यांत मोठा वाटा आहे. १८२० च्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्व्हिस या लष्करी अभियंत्याच्या देखरेखीखाली एतद्देशीय तरुणांसाठी अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. त्यासाठी गणिताची पुस्तके मराठीत तयार झाली. १८५४ साली पुण्यात असाच वर्ग निघून त्यातून पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. या शाळांचे ध्येय मात्र सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसे पुरविणे एवढेच होते. बडोद्याच्या कलाभवनाची गोष्ट निराळी. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली ते स्थापिले. धंद्याचे शिक्षण देशी भाषेतून द्यावयाचे, हा गज्जरांचा आग्रह होता आणि त्यासाठी पारिभाषिक शब्द जमविण्याच्या खटाटोपातही ते पडले. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम, रेखाटन या गोष्टी तेथे एका छपराखाली आल्या. १९४९ साली बडोद्यास विद्यापीठ झाले आणि कलाभवन त्यात सामावले गेले. ज्या संस्थानाने कलाभवन काढले त्यानेच भोजाचा ग्रंथ छापला, हे सहज लक्षात आले म्हणून नोंदवितो.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी याहून पुढचे पाऊल टाकले : हस्तव्यवसाय हा शिक्षणातील एक विषय न राहता शिक्षणाचे माध्यमच व्हावे. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला. मध्य प्रांतात पंडित रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना त्याच सुमाराची, आणि हेच शुक्ल १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले. टकळी मात्र गरिबांच्या शाळेची खूण ठरली. आपल्यासारख्या लेखणीवर पोट भरणाऱ्या घरांनी तिचे कौतुक सभेत केले आणि मुलांना इंग्रजी शाळेत घातले.

आता भोपाळकडे येऊ. राजधानी होण्याच्या सुमारासच, ऑगस्ट १९५६ मध्ये, हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ब्रिटिश तज्ज्ञांच्या साहाय्याने भोपाळच्या माळावर वीजयंत्रांचा प्रचंड कारखाना उभा राहिला. नोव्हेंबर १९६० मध्ये पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. त्याच वर्षी मौलाना आझाद यांच्या नावाचे तंत्रमहाविद्यालय सुरू झाले. नबाबी शहरात एकाएकी टर्बाइन, जनित्र, रोहित्र हे शब्द कानी पडू लागले. कारखान्याला कामगार हवे होते, अभियंते हवे होते. आणि त्या दोघांच्याही मागे, यंत्र म्हणजे काय हे लहानपणीच हाताला कळलेली मुले हवी होती.

ही मुले कोठून यावयाची, याचे उत्तर कागदावर तयार होते. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ च्या अहवालात बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली होती. मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक विषय, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान असे सात प्रवाह, आणि मुलाने आपल्या कलाप्रमाणे एक निवडावा. शाळा निघाल्या, तांत्रिक प्रवाह शिकवावयास शिक्षक मात्र नव्हते. म्हणून राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९६३ साली अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे चार प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये काढली. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाचे तज्ज्ञ साहाय्यास आले. भोपाळचे महाविद्यालय पश्चिम विभागासाठी होते, म्हणजे मध्य प्रदेशाबरोबर महाराष्ट्र, गुजरात आणि गोवाही त्याच्या कक्षेत आले. डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झालेल्या गोव्यातील शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र अशा रीतीने भोपाळच्या श्यामला टेकडीवर गेले, आणि आजही ते तेथेच आहे. १९९० च्या दशकात त्याचे नाव प्रादेशिक शिक्षण संस्था असे झाले.

कल्पना उत्तम होती, हे निःसंशय. आधी पदवी आणि मग शिक्षणशास्त्र अशी चाल सोडून चार वर्षांचा सलग अभ्यासक्रम आखला होता : विषय, अध्यापन आणि कार्यशाळा यांची एकत्र गुंफण. तंत्रविद्येच्या शाखेतून निघणारा शिक्षक कानस धरावयास शिकवील, गुण्या लावून काटकोन तपासावयास शिकवील, आणि ओळंबा सरळ का लोंबतो हेही फळ्यावर सांगेल. शेजारी सरावासाठी शाळा होती. तिच्या नावात ‘बहुउद्देशीय’ हा शब्द आजही कायम आहे. म्हणजे समराङ्गणातील शास्त्र आणि कर्म यांची जी जोडी, ती भोजपूरपासून थोड्याच अंतरावर नऊशे वर्षांनी पुन्हा जुळविण्याचा हा यत्न होता.

तो फसला. तंत्रविद्येचा सलग अभ्यासक्रम पुढे गुंडाळला गेला आणि बहुउद्देशीय शाळाही नावापुरत्या उरल्या. कारणे अनेक सांगितली जातात : यंत्रसामग्री महाग, शाळांची इमारत अपुरी, तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाने प्रवाह निवडणे घाईचे. शेवटच्या आक्षेपात तथ्य आहे. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या आयोगाने १९६६ च्या अहवालात पहिली दहा वर्षे सर्वांना एकच सामान्य शिक्षण द्यावे असे म्हटले आणि त्यात ‘कार्यानुभव’ हा नवा शब्द घातला. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक. परंतु माझ्या मते खरे कारण साधे आहे. ज्याला लेथ चालविता येत होती आणि यंत्रशास्त्राची पदवीही होती, त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला हेवी इलेक्ट्रिकल्सचे दार उघडे होते. तो शाळामास्तराच्या पगारावर का यावा? आणि हुशार मुलगा कार्यशाळेत तास का घालवील, जर महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या वेळी त्या तासांना कोणी विचारणारच नसेल? न्यायालयात जो पुरावा ग्राह्य धरला जात नाही तो गोळा करण्याच्या भरीस शहाणा पक्षकार पडत नाही. विद्यार्थीही पडला नाही. ‘कार्यानुभव’ही पुढे बहुतेक शाळांत खडूच्या पेट्या आणि कागदी फुले यांवर येऊन थांबला.

या अपयशाची किंमत काय, असे कोणी विचारील. भोपाळात हा प्रश्न विचारताना आवाज आपोआप खाली येतो. १९८४ च्या डिसेंबरातील २ आणि ३ तारखांमधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरून सुमारे ४० टन विषारी द्रव उसळले. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा महिनोन् महिने बंद होती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारा नळ गंजला म्हणून काढून ठेवला होता. वायू शोषून घेणारे यंत्र त्या लोंढ्यापुढे तोकडे पडले. हजारो माणसे मेली. नाकातोंडावर ओले फडके धरले असते तर कित्येक वाचते, हे लोकांना नंतर कळले. राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ सालीच आपल्या साप्ताहिकातून धोक्याचा इशारा दिला होता. ते काही अभियंते नव्हते. त्यांनी कारखान्याची कागदपत्रे मिळवून चिकाटीने समजून घेतली होती, इतकेच. नऊ-दहा लाखांच्या शहरात त्यांचे म्हणणे पडताळून पाहू शकतील अशी किती माणसे होती? कायदा आपल्या गतीने आला : १९८९ साली ४७ कोटी डॉलरांची तडजोड झाली, आणि २०१० साली कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. दोषींचा दोष शाळेच्या माथी मारावयाचा नाही. पण लोखंड गंजते म्हणजे काय होते, झडप कशासाठी असते, या गोष्टी ज्या नागरिकांच्या हाताला कधी लागल्याच नाहीत त्यांना कारखान्याच्या भिंतीपलीकडचे प्रश्न विचारता येत नाहीत, हे मला वकील म्हणून स्पष्ट दिसते.

सुदैवाने त्याच भूमीत एक लहानशी पण चिवट परंपरा रुजली होती. भोपाळच्या दक्षिणेस होशंगाबाद जिल्ह्यात (२०२२ पासून नर्मदापुरम) १९७२ साली १६ ग्रामीण शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. १९८२ साली स्थापन झालेल्या भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे वाढविला. महागडी यंत्रसामग्री नाही ही तक्रार तेथे कोणी ऐकली नाही. पुण्याच्या मोटार कारखान्यातील अरविंद गुप्ता हे अभियंते १९७८ साली तेथे गेले आणि काड्यापेटीतील काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांपासून त्यांनी सांगाडे जोडावयास शिकविले. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलंडतो, आणि त्यात कर्ण घातला की घट्ट होतो. पूल, छपराची कैची, विजेचा मनोरा यांचे मर्म मुलाच्या बोटांना दोन मिनिटांत कळते. परीक्षा पुस्तक उघडे ठेवून देता येत असे आणि प्रयोगालाही गुण असत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण माझ्या समजुतीने उपक्रम तीस वर्षे टिकला याचे ते एक मोठे कारण आहे. २००२ साली राज्य सरकारच्या आदेशाने तो बंद झाला तेव्हा तो सुमारे एक हजार शाळांत पोहोचला होता.

महाराष्ट्रातील उदाहरण याहून नेमके आहे. जे. पी. नाईक यांनी स्थापिलेल्या पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छायेत डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातील पाबळ या दुष्काळी गावी विज्ञान आश्रम सुरू केला. कालबाग हे आडनाव या मासिकाच्या वाचकांस परके वाटणार नाही. इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागातील वरिष्ठ जागा, आणि पन्नाशी ओलांडल्यावर स्वेच्छेने पत्करलेले खेडे. त्यांनी आखलेला ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आहे. आठवड्यातला एक पूर्ण दिवस. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे चार भाग. मुले जोडकाम करतात, वीजजोडणी करतात, जाळी व सिमेंट यांची पातळ भिंतीची टाकी बांधतात, जमिनीची आणि रक्ताची तपासणी करतात. विशेष हे की, ही कामे शोभेसाठी नसतात. गावात ज्याला फाटक हवे तो पैसे देऊन ते करवून घेतो, आणि फाटक कलले तर तक्रार घेऊन येतो. याहून कडक परीक्षक कोणत्या मंडळाला मिळणार? अंदाजपत्रक काढणे हा तेथे गणिताचाच धडा असतो, आणि मुलगी वेल्डिंगचा मुखवटा लावून उभी असेल तर गावात त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

पण कालबागांची खरी दूरदृष्टी मला अन्यत्र दिसते. त्यांनी या विषयाला मान्यता मिळविण्याचा नेट सोडला नाही आणि १९८७ साली राज्याच्या माध्यमिक मंडळाने तो शालान्त परीक्षेत ग्राह्य धरला. भोपाळला १९६३ साली जो दुवा निसटला तो येथे जोडला गेला : हाताच्या कामाला गुणपत्रिकेत जागा मिळाली. २००२ साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेच्या सहकार्याने पाबळला संगणकनियंत्रित यंत्रांची ‘फॅब लॅब’ आली. अमेरिकेबाहेरील अशा प्रयोगशाळांपैकी ती अगदी पहिल्यांतील. कालबाग जुलै २००३ मध्ये वारले. काम चालू राहिले, आणि त्यांचा विषय पुढे राष्ट्रीय कौशल्य आराखड्यात ‘बहुकौशल्य पायाभूत अभ्यासक्रम’ या रूपाने आला.

आपल्या देवस्थानांच्या कारभाऱ्यांनाही यात पाहण्यासारखे आहे. कोकण-गोव्यातील देवळे चिऱ्याची, चुन्याच्या गिलाव्याची. सभामंडपाचे खांब आणि छत लाकडाचे. जीर्णोद्धाराची सभा भरते तेव्हा बहुधा एकच ठराव होतो : जुने पाडा, सिमेंटचे बांधा. चिरा ओलावा कसा शोषतो व सोडतो, त्यावर सिमेंटचा घट्ट लेप दिला की आतले पाणी कोठे जाते, हे विचारणारा विश्वस्त विरळा. त्याने शाळेत ते कधी पाहिलेच नव्हते. ज्या सुताराच्या घरात सात पिढ्यांचे ज्ञान आहे त्याला सभेत बोलावले जात नाही, आणि बोलावलेच तर तो दाराशी उभा राहतो.

आता नवे पर्व भोपाळातूनच सुरू झाले आहे. श्यामला टेकडीवर १९९३ साली पंडित सुंदरलाल शर्मा यांच्या नावाची केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्था स्थापन झाली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा ‘दप्तराविना दिवस’ सांगितले. त्या काळात मुलांनी सुतार, कुंभार, माळी, कलावंत यांच्याजवळ बसून शिकावयाचे आहे. त्यासाठीची मार्गदर्शिका याच संस्थेने तयार केली आणि ती २०२४ च्या जुलैत प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी सहावीसाठी ‘कौशल बोध’ हे पाठ्यपुस्तकही निघाले. मार्गदर्शिका वाचताना मी सवयीने परिमाण शोधू लागलो. पाबळच्या रीतीने आठवड्यास एक दिवस धरला आणि शाळेचे पस्तीस आठवडे मोजले, तर तीन वर्षांत शंभराहून अधिक दिवस होतात. येथे दिवस दहा आहेत. दहा दिवसांत मूल रंधा पाहील, कदाचित एकदा हातातही धरील. रंध्याच्या पात्याला धार लावावयास ते केव्हा शिकणार, आणि शिकले तर दहावीच्या गुणपत्रिकेत ती धार कोणत्या रकान्यात मांडणार, हे शिक्षण मंडळांनी अद्याप ठरवावयाचे आहे.